फटका उजवीकडेच का जायचा?

मी खेळतो त्या गोल्फ गेममध्ये तीन क्लिक असतात: पहिलीने स्विंग सुरू, दुसरीने जोर ठरतो, तिसरीने अचूकता. माझी तिसरी क्लिक कायम उशिरा पडायची आणि चेंडू उजवीकडच्या झाडीत. महिनाभर बोटांना दोष दिला. मग एकदा टीव्हीला न जोडता लॅपटॉपवरच खेळलो, तर फटके सरळ! म्हणजे घोळ टीव्हीचा. चित्र सुधारायच्या नादात तो ते उशिरा दाखवत होता. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावर 60 चित्रं, म्हणून एक फ्रेम जेमतेम 17 मिलिसेकंदांची. चार-पाच फ्रेम मागे पडलं की संपलंच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावला, काम झालं. पुटिंग, म्हणजे भोकाजवळून चेंडू हलकेच आत ढकलणं, मात्र अजून रडतंय. उतार न बघताच मारायची माझी खोड, त्याला टीव्ही काय करणार!