दिनविशेष लिहिताना या चुका टाळा

सदाशिव पेठेतील एका लहान वाचनालयाच्या दाराशी असलेल्या फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. वर तारीख आणि तिथी, खाली जन्म, मृत्यू आणि घटना यांच्या पाच-सहा ओळी, एवढाच त्याचा विस्तार असतो. परंतु शाळेत निघालेली मुले त्या ओळी वहीत उतरवून घेतात, कोणी छायाचित्र काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवतात, आणि फळ्यावरची चूक रात्री पुसली गेली तरी वहीतली आणि ग्रुपवरची चूक तशीच राहते. एका १४ जानेवारीला मी लिहिले होते, ‘१७६१ : मकर संक्रांतीच्या दिवशी पानिपतचे तिसरे युद्ध.’ वर्तमानपत्रे वाचायला रोज येणारे एक निवृत्त गृहस्थ फळ्यासमोर थांबले, ‘संक्रांतीच्या’ या शब्दाखाली त्यांनी खडूने बारीक रेघ ओढली आणि विचारले, “त्या वर्षी संक्रांत कधी होती, हे पाहिलेत का?” मी पाहिले नव्हते.

संक्रांत सूर्याच्या राशिप्रवेशावर ठरते, आणि आपले पंचांग ज्या निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, वर्षाने चालते ते इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. त्यामुळे साधारणपणे सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. म्हणजे त्याच्याही शंभर वर्षे आधी, १७६१ मध्ये, संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येऊन गेलेली होती. पानिपतचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार असा नोंदलेला आहे. संक्रांत आज १४-१५ जानेवारीला येते आणि ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार आपल्या तोंडी बसलेला आहे, म्हणून ही चूक दरवर्षी नव्याने लिहिली जाते. आजच्या दिनदर्शिकेवर शेजारी-शेजारी दिसणाऱ्या दोन गोष्टी दोन-अडीच शतकांपूर्वीही शेजारी होत्या असे गृहीत धरणे, हे दिनविशेषातील बहुतेक चुकांचे मूळ आहे.

तारीख कोणत्या गणनेची, हे न पाहणे

शनिवारवाड्याच्या पायाभरणीची तारीख सर्वत्र १० जानेवारी १७३० अशी दिली जाते, आणि वाड्याला नाव शनिवारवरून मिळाले असेही त्यासोबत सांगितले जाते. आता मोबाइल किंवा संगणकावरील कॅलेंडर मागे नेऊन ही तारीख पाहा; बहुतेक ठिकाणी वार मंगळवार दिसेल. येथे पुष्कळ जण गोंधळतात आणि तारीख किंवा शनिवारची कथा यांपैकी एक खोटी ठरवून मोकळे होतात. वास्तविक दोन्ही बरोबर आहेत. ही तारीख ज्युलियन, म्हणजे जुन्या गणनेची आहे आणि त्या गणनेत १० जानेवारी १७३० रोजी शनिवारच येतो. वास्तुशांतीची २२ जानेवारी १७३२ ही तारीखही तशीच तपासली तर जुन्या गणनेत शनिवारच निघतो. आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन गणनेत पायाभरणीचा दिवस २१ जानेवारी १७३० ठरतो.

याचे कारण सोपे आहे. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये कॅलेंडर बदलले. त्या महिन्यात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. मराठ्यांच्या इतिहासातील १७५२ पूर्वीच्या बऱ्याच तारखा इंग्रजी पद्धतीला धरून जुन्या गणनेत रूढ झाल्या आहेत. पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच नवी गणना स्वीकारली होती. त्यामुळे सतराव्या शतकातील एकाच घटनेविषयी सुरतेच्या इंग्रज वखारीतले पत्र आणि गोव्याचे पोर्तुगीज पत्र समोर ठेवले, तर दोहोंत दहा दिवसांचे अंतर दिसू शकते, आणि दोन्ही पत्रे खरी असतात. असे अंतर १६०० नंतर दहा दिवसांचे आणि १७०० नंतर अकरा दिवसांचे असेल, तर नवी घटना सापडली असे न समजता आधी कॅलेंडरचा संशय घ्यावा.

वार हा या कामातला सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे, असे माझे मत झाले आहे. महिने, शके आणि सन बदलतात, नक्कल करताना आकडे चुकतात. परंतु सात वारांची साखळी या बदलांत तुटलेली नाही. ‘मराठा’चा पहिला अंक २ जानेवारी १८८१ रोजी आणि ‘केसरी’चा ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. ‘मराठा’चा दिवस रविवार आणि ‘केसरी’चा मंगळवार होता, आणि ‘केसरी’ मंगळवारी निघत असे, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातून या दोन तारखांची अदलाबदल होणार नाही.

शकाचा सन करताना नेहमी ७८ मिळवणे

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे आपण शाळेत शिकलो. परंतु शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत. म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना बहुधा ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांच्या जन्माची जेधे शकावलीतील (जेधे घराण्याच्या दप्तरातील शकवार नोंदींतील) नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी आहे. ७८ मिळवले तर १६२९ येते, आणि हे चुकीचे वर्ष मी छापील पत्रिकांवरही पाहिले आहे. योग्य वर्ष १६३०. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या गणनेची असून त्या गणनेत त्या दिवशी शुक्रवारच होता. शकावलीतील वार येथेही साक्ष देतो. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे सन १६२७, ही पूर्वी मानली जाणारी तिथी आहे. जुन्या पुस्तकातून तिथी आणि नव्या पुस्तकातून सन असा मेळ घातला की कोणत्याही परंपरेत न बसणारा तिसराच दिवस तयार होतो. दोन्हींपैकी जी स्वीकारली ती तिथी, वार आणि सनासह अखंड घ्यावी.

हिंदीतून मजकूर घेताना आणखी एक काळजी हवी. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेत ते पौर्णिमेला संपतात. म्हणून आपला फाल्गुन वद्य पक्ष तेथे चैत्र कृष्ण पक्ष म्हणून येतो. त्याच दिवसाचे नाव बदलते, दिवस बदलत नाही.

दिवस कोठे सुरू होतो, याचा विसर

राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४ आहे आणि जुन्या गणनेप्रमाणे तो शनिवार येतो. जेधे शकावलीत मात्र महाराज शुक्रवारी सिंहासनावर बसले, असे आहे. फळ्यासमोर या विसंगतीवर एकदा चांगला वाद झाला होता. उत्तर त्याच नोंदीत आहे, कारण तीन घटका रात्र उरली असताना, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास अवकाश होता. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. शकावलीचा शुक्रवार अजून संपलेला नव्हता आणि इंग्रजी शनिवार सुरू झालेला होता.

लोकमान्य टिळकांचे निधन मुंबईत सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यानंतर झाले. म्हणून त्यांची पुण्यतिथी १ ऑगस्टला येते, जरी पंचांगाच्या दृष्टीने ती शनिवारची, म्हणजे ३१ जुलैची रात्र होती. परदेशातील घटनांना हाच नियम लावावा. मानव चंद्रावर उतरला ती तारीख अमेरिकेत २० जुलै १९६९ होती, परंतु पुण्यातील घड्याळात तेव्हा २१ जुलैच्या पहाटेचे पावणेदोन वाजून गेले होते. फळ्यावर २० जुलै लिहिण्यास हरकत नाही. ‘अमेरिकी वेळेनुसार’ हे दोन शब्द मात्र हवेत.

‘एकाच दिवशी’ आणि ‘एकाच तारखेला’

दिनविशेषाची गोडी योगायोगात आहे, आणि येथेच शब्द सैल सुटतात. लोकमान्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी देह ठेवला आणि त्याच १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. हे खरोखर एकाच दिवशी घडले. याउलट २४ सप्टेंबर पाहा. महात्मा फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली ती २४ सप्टेंबर १८७३ रोजी, आणि येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला तो २४ सप्टेंबर १९३२ रोजी. तारीख एक, शहर एक, पण मध्ये एकोणसाठ वर्षे आहेत. माझ्या दृष्टीने पुण्याच्या वर्षातील ही सर्वांत अर्थपूर्ण तारीख आहे, आणि म्हणूनच ती नीट लिहिली जावी असे मला मनापासून वाटते. ‘एकाच दिवशी’ असे लिहिले की लहान वाचकाला दोन्ही घटना एका काळातल्या वाटतात. त्याचप्रमाणे १८ एप्रिलला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा १८५८ मधील जन्म आणि दामोदर चापेकर यांना येरवड्यात १८९८ मध्ये झालेली फाशी एकत्र येतात. त्या दिवशी कर्वे चाळीस वर्षांचे होते, एवढे एक वाक्य जोडले तर दोन सुट्या नोंदी एका शहराच्या होतात.

वर्षही जुळत असेल, तरी गणना जुळते का ते पाहावे. गॅलिलिओच्या मृत्यूच्या वर्षीच न्यूटन जन्मला, हे वाक्य पुष्कळ पुस्तकांत आढळते. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ हा नव्या गणनेतला आहे आणि न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ हा इंग्लंडच्या जुन्या गणनेतला. दोन्ही नव्या गणनेत आणले की न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ रोजी जातो आणि योगायोग विरून जातो. डार्विन आणि लिंकन यांचा १२ फेब्रुवारी १८०९ हा समान जन्मदिन मात्र निर्वेध लिहावा.

घटनेचा नेमका कोणता टप्पा त्या तारखेचा आहे

पुण्यातील प्लेग अधिकारी रँड याच्यावर गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली गेली ती २२ जून १८९७ च्या रात्री. त्याच रात्री लष्करी अधिकारी आयर्स्ट ठार झाला. रँड मात्र ३ जुलैला मरण पावला. ‘२२ जून : रँडचा मृत्यू’ हे वाक्य म्हणून चुकीचे आहे. पुणे कराराचेही तसेच आहे: गांधीजींचे उपोषण २० सप्टेंबरला सुरू झाले, करार २४ ला झाला, उपोषण २६ ला सुटले. गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांनी करारावर सह्या केल्या, असेही लिहिले जाते; परंतु डॉ. आंबेडकरांची आणि पंडित मदनमोहन मालवीय यांची सही त्यावर आहे, गांधीजींची नाही. १२ जुलै १९६१ च्या पुराबाबत केवळ ‘खडकवासला फुटले’ असे लिहू नये. आधी बांधकाम अपुरे असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यामुळे त्याच दिवशी पुढे खडकवासल्याचे धरण खचले.

जयंती, वाढदिवस आणि कितवे वर्ष

हयात व्यक्तीच्या नावापुढे ‘जयंती’ लिहिणे ही सर्वांत क्लेशदायक चूक आहे, कारण वाचणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. हयात असतील तर वाढदिवस, नसतील तर जयंती. आणि खात्री होत नसेल तर ‘जन्म’ एवढाच शब्द पुरेसा आहे.

कितवी जयंती हे मोजताना जन्मदिवस स्वतः धरायचा नसतो. रा. गो. भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ चा आणि त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी, त्यांना ८० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी स्थापन झाली. १९१७ मधून १८३७ वजा केले की ८० येतात. त्यात एक मिळवण्याचा मोह टाळावा. याच्या दुसऱ्याच दिवशी, ७ जुलैला, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या १९१० मधील स्थापनेचा दिवस येतो. लागोपाठ आलेल्या या दोन संस्थांच्या तारखा एकमेकींच्या जागी लिहिल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

जुन्या पिढीतील व्यक्तीची जन्मतारीख १ जून अशी आढळली, तर थोडे थांबावे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकण्याची पद्धत आपल्याकडे होती, आणि घरातील आजी त्याच मुलाची तिथी वेगळी सांगत असे. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांना २८ तारखेत कोंबू नये. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे लीप वर्ष नसल्याने ती तारीख पुन्हा आली ती थेट १९०४ मध्ये, आणि त्याच दिवशी भरतनाट्यम नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म झाला. ही नोंद चार वर्षांतून एकदाच लिहिता येते, म्हणून ती वहीत जपून ठेवलेली बरी.

चूक होऊन गेली असेल, तर नुसती पुसू नये. मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘कालची दुरुस्ती’ अशी एक जागा राखून ठेवतो आणि चुकीचे काय होते, बरोबर काय आहे, हे दोन्ही लिहितो. पानिपतच्या ओळीची दुरुस्ती १५ जानेवारीला लिहीत असताना शाळेच्या गणवेशातील एक मुलगी मागे उभी होती. तिने दप्तरातून वही काढली, आदल्या दिवशीचे पान उघडले, ‘मकर संक्रांतीच्या दिवशी’ हे शब्द खोडले आणि त्यांच्यावर बारीक अक्षरांत ‘पौष शुद्ध अष्टमी, बुधवार’ असे लिहून घेतले.