थंडी ओसरताना घरच्या बटाट्याची लागवड

थंडी जराशी ओसरली की लागवडीसाठी हात शिवशिवतात. घाई करू नका. दहा सेंटिमीटर खोलीवरची माती सलग चार-पाच सकाळी ७ ते १० अंश सेल्सिअस भरली की लावा. त्याआधी गार, चिंब मातीत पुरलेले बेणे, म्हणजे लागवडीचा बटाटा, बहुधा जागीच कुजते. मूठभर माती दाबून पाहा. गोळा बोटाने टोचूनही फुटत नसेल, तर वाफसा, म्हणजे लागवडीजोगा बेताचा ओलावा, आलेला नाही.

तोवरचे तीन-चार आठवडे बेण्याला कोंब आणण्यात घालवा. बेणे प्रमाणित, रोगमुक्तच घ्या. खाण्यासाठी आणलेल्या बटाट्यावर कोंब रोखणारी प्रक्रिया झालेली असू शकते आणि त्यातून रोगही येतो. अंड्याच्या ट्रेमध्ये, जास्त डोळे असलेली बाजू वर करून, थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात ठेवा. अंधारातले कोंब पांढरे, लांबुळके, हात लागताच तुटणारे. उजेडातला कोंब बुटका, जाड, हिरवट-जांभळा येतो; तो दीड-दोन सेंटिमीटरचा झाला की बेणे तयार.

अंड्याएवढे बेणे अख्खेच लावा. मोठे असेल तर ४०-५० ग्रॅमच्या, निदान दोन डोळ्यांच्या फोडी करा आणि दोन-तीन दिवस हवेशीर सावलीत ठेवा. काप सुकून त्यावर खपली धरल्याशिवाय लावू नका.

माती भुसभुशीत हवी. शेणखत पूर्ण कुजलेलेच घाला. ताजे शेण आणि चुना यांनी सालीवर खरबरीत खपल्या वाढतात. गेल्या तीन वर्षांत टोमॅटो, वांगी, मिरची घेतलेली जागा नको. कोंब वर ठेवून १०-१२ सेंटिमीटर खोल, ३० सेंटिमीटरवर लावा. कुंडीत करायचे तर ३०-४० लिटरच्या, तळाला भोके असलेल्या ग्रो बॅगेत दोन-तीन फोडी पुरेत.

मातीची भर देण्यात मात्र हयगय नको. जमिनीतल्या खोडाला आडवे फुटवे येतात, त्यांची टोके फुगून बटाटे होतात, आणि बहुतेक बटाटे बेण्याच्या वरच्या बाजूलाच धरतात. म्हणून रोप वीतभर झाले की अर्धे झाकेल इतकी माती चढवा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो, त्यात सोलॅनिन हे विष वाढते आणि ते शिजवूनही जात नाही.

दहिवर गोठण्याची रात्र असेल तर रोपे कापडाने झाका, सकाळी उघडा. शेंडे करपले तरी रोप उपटू नका, खालून नवे फुटवे येतात.

पाणी सकाळी, बुंध्याशी द्या. फुले येताना ताण पडू देऊ नका. ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिले की बटाटे तडकतात. पानांवर पाणचट काळपट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली तर तो करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये याच रोगाने पिके बुडवून दुष्काळ आणला. अशी पाने लगेच काढून लांब नेऊन नष्ट करा.

पाला वाळला की पाणी तोडा. दोन आठवड्यांनी एक बटाटा उकरून अंगठ्याने घासा. साल सुटली नाही, तर काढणी करा.