नाकातल्या नळीतून फीड देण्याआधी नळी जागेवर आहे का ते कसं बघायचं

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर बरेच पेशंट राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घेऊनच घरी येतात आणि फीड, म्हणजे पातळ अन्न, द्यायचं काम घरच्यांवर येतं. हात धुणं, फीड गाळून घेणं हे दवाखान्यात शिकवलेलं असतंच. पेशंटला ३० ते ४५ अंशात उठवून बसवा, झोपवून फीड कधीच नाही.

आता खरी गोष्ट. सिरिंजने हवा मारा, पोटावर स्टेथो लावा, गुडगुड ऐकू आली की नळी बरोबर, असं अजूनही लोक बिनधास्त सांगतात आणि मला खरंच राग येतो, कारण नळी अन्ननलिकेत वर सरकलेली असो नाहीतर फुफ्फुसात गेलेली असो, तो आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी नाइटला मी हेच केलं होतं, एका आजींना फीड द्यायला सिरिंज लावली आणि मागून सिनियर सिस्टर म्हणाल्या, "अगं, नाकापाशी मार्क कुठाय बघ आधी." मार्क चांगला चार बोटं बाहेर आलेला, आणि आवाज तर मी नीट ऐकला होता! त्या रात्री हात थरथरत होते माझे.

म्हणून आधी मार्क बघा. डिस्चार्जच्या वेळीच नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण करून घ्या, किती सेंटीमीटरवर आहे ते कागदावर लिहा आणि प्रत्येक फीडआधी जुळवा. मग टॉर्चने तोंडात बघा, घशात नळीचं वेटोळं झालेलं असतं कधीकधी. मग सिरिंजने हळूच ओढा. आलेल्या पाण्याचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं अ‍ॅसिड जास्त) पट्टीवर ५.५ किंवा कमी आला तर नळी पोटात आहे असं धरतात, पण अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर आकडा जास्त येऊ शकतो, तेव्हा काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. काहीच आलं नाही तर डाव्या कुशीवर करून १०-१५ मिनिटांनी परत ओढा.

"ठसका लागला नाही म्हणजे ठीक आहे" हेही मानू नका, झटक्यानंतर काही पेशंटना ठसका येतच नाही, फीड फुफ्फुसात गेलं तरी.

मार्क सरकलाय, मोठी उलटी झालीये, चिकटपट्टी सुटलीये, पेशंटला धाप लागलीये, यातलं काहीही असेल तर फीड नाही, गोळी नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही, आणि नळी स्वतः आत ढकलायची तर अजिबात नाही. फोन करा, धाप असेल तर सरळ दवाखाना गाठा. शंका असेल तर एक्स-रे काढूनच खात्री होते. एक फीड चुकलं तर चालतं, पण इन्शुलिन चालू असेल तर त्या वेळचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, शुगर एकदम खाली येते.

सगळं जुळलं तर फीड हळू सोडा, दट्ट्या दाबू नका. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं तेवढं पाणी, साधारण ३० मिली, आणि पुढे तासभर पेशंट तसाच बसलेला राहू दे.