थ्रिफ्ट स्टोअरमधलं जुनं पायरेक्स: आधी उलटं करून बघा, मग पाकीट काढा

अमेरिकेत राहणारे किंवा मुलांकडे सहा महिने आलेले आपले लोक गुडविलमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू स्वस्तात विकणाऱ्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, चक्कर मारतातच, आणि तिथं काचसामानाच्या फळीवर कधीतरी एखादा फिरोजी नाहीतर गुलाबी नक्षीचा जाडजूड बोल दिसतो. तेच ते जुनं पायरेक्स, कॉर्निंग कंपनीची स्वयंपाकाची काचेची भांडी. इथल्या लोकांचा त्यात जीव अडकलाय कारण त्यांच्या आज्यांच्या ओट्यावर ते असायचंच. आपल्या आज्या स्टील आणि पितळवाल्या, त्यामुळे आपल्याला ती आठवण वगैरे काही नाही, पण भांडी खरंच देखणी आहेत, आणि आठवण नसल्याचा फायदा म्हणजे डोकं ठिकाणावर ठेवून खरेदी करता येते.

तर पहिलं काम, भांडं उलटं करायचं. नक्षी नंतर बघा. बुडावर पायरेक्स हे नाव सगळं कॅपिटल अक्षरांत आणि सोबत मेड इन यूएसए असं काही असेल तर जुनं असण्याची शक्यता चांगली, नाव सगळं स्मॉल अक्षरांत असेल तर बहुतेक नंतरचा माल. मग नंबर बघा. साध्या गोल बोलांवर ४०१ ते ४०४ असतो, ४०१ सगळ्यात छोटा म्हणजे दीड पाइंटचा, पाऊण लिटरपेक्षा जरा कमी, आणि ४०४ चार क्वार्टचा, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. अगदी सुरुवातीच्या बोलांवर नंबर नसतोही, त्यामुळे नंबर नाही म्हणून लगेच नकली समजून ठेवून देऊ नका. ज्या बोलांना दोन बाजूंना ओतायच्या चोची असतात ते सिंड्रेला बोल, त्यांचे नंबर ४४१ ते ४४४, हे १९५७ पासून आले.

आता एक गैरसमज. नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की कॅपिटल अक्षरं म्हणजे बोरोसिलिकेट, म्हणजे गरम-गार चांगलं सहन करणारी काच, म्हणजे काहीही करा फुटणार नाही. पारदर्शक जुन्या भांड्यांबद्दल यातलं बोरोसिलिकेटचं बरंचसं खरं आहे, काहीही करा फुटणार नाही हे मात्र नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावच्या कॉर्निंग ग्लास वर्क्सने १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आणलं, त्याआधी १९१३ मध्ये तिथल्याच एका शास्त्रज्ञाच्या बायकोने, बेसी लिटलटन यांनी, बॅटरीसाठीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ घेऊन त्यात केक भाजून बघितला होता, ती काच बोरोसिलिकेटच. (आपलं बोरोसिल १९६२ मध्ये सुरू झालं तेही याच कॉर्निंगच्या सहकार्याने, म्हणजे नातं तसं जवळचंच.) पण रंगीत बोल ज्या पांढऱ्या दुधी काचेचे असतात ती ओपल काच, आणि ती टेम्पर केलेली, म्हणजे उष्णता देऊन कणखर केलेली, सोडा-लाइम म्हणजे साधी काच आहे, बोरोसिलिकेट नाही. दणकट आहे, पण गरम-गार एकदम सहन करत नाही.

हे आपल्याला कुठे नडतं सांगू? फोडणीत. फ्रिजमधून काढलेली कोशिंबीर जुन्या बोलात आणि वरून कडकडीत तेलाची फोडणी, हे अजिबात करायचं नाही, फोडणी जरा निवू द्या किंवा कोशिंबीर आधी स्टीलमध्ये कालवून घ्या आणि मग बोलात काढा. गॅसवर तर ठेवायचंच नाही, मंद आचेवरही नाही. नक्षीत सोनेरी धातूची छपाई असेल तर मायक्रोवेव्हही नाही.

साल कसं ओळखायचं तर रंगावरून बराच अंदाज येतो. पिवळा, हिरवा, लाल, निळा असे चार एकरंगी बोल एकात एक बसणारे, तो १९४० च्या दशकातला मूळ सेट, सगळ्यात मोठा पिवळा आणि सगळ्यात छोटा निळा, आणि तो पुढे बरीच वर्षं निघत राहिला. फिरोजी आणि गुलाबी दिसलं की पन्नासचं दशक समजा, तेव्हा गाड्यांपासून बाथरूमच्या टाइल्सपर्यंत सगळं याच रंगात रंगवत होते. नक्ष्यांमध्ये बटरप्रिंट म्हणजे आमिश (जुन्या पद्धतीने राहणारा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ) शेतकरी जोडपं, कोंबडा आणि कणसं, आणि गूजबेरी म्हणजे फळापानांची वेल, दोन्ही १९५७ चे, आणि माझ्या मते पायरेक्सने याहून छान काही केलंच नाही. अवोकाडो हिरवा, मोहरीसारखा पिवळा आणि तपकिरी आला की आपण सत्तरच्या दशकात पोचलो. ते भरपूर बनलं, भरपूर मिळतं, त्यामुळे त्याला जास्त पैसे मोजू नका, विकणारा रेअर रेअर म्हणून कितीही ओरडला तरी. खरं रेअर म्हणजे १९५९ चं लकी इन लव्ह, हिरवी क्लोव्हरची पानं आणि गुलाबी बदाम (हार्ट) असलेलं कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचं झाकणाचं भांडं, ते हजारो डॉलर्सना गेलंय आणि ते तुम्हाला फळीवर मिळणार नाही, मिळालं तर मला फोन करा.

मग अवस्था. भांडं खिडकीपाशी न्या आणि तिरकं धरून रंगावर उजेड पाडा. रंग चमकत नसेल, खडूसारखा मळकट झाला असेल तर ते डिशवॉशरमध्ये धुतलंय आणि ते परत येत नाही, कुठल्याही घरगुती उपायाने नाही, तेल चोळून फोटोत चमकवतात ते वेगळं. कडेवरून बोट हळू फिरवा, टवका डोळ्याआधी बोटाला कळतो. आतले करडे ओरखडे मात्र बऱ्याचदा चमच्याचे आणि बीटरचे असतात, बेकिंग सोड्याची पेस्ट हलक्या हाताने लावली की पुष्कळसे जातात, ते बघून माल सोडू नका. बाहेरच्या रंगावर मात्र काहीही घासायचं नाही, कोमट पाणी, साबण, मऊ स्पंज, बस.

आणि हे घासायचं नाही म्हणतोय ते फक्त शोभेसाठी नाही. त्या काळच्या बाहेरच्या रंगांमध्ये शिसं असायचं, कधी कॅडमियमही. आतली पांढरी काच रंगवलेली नसते, म्हणून बरेच लोक वापरतात. मी स्वतः सुकं काही ठेवायला, फळं, फार तर पाहुण्यांसमोर चिवडा, एवढंच करतो. लोणचं, दही, चिंचेचं काही रोज त्यात ठेवणार नाही, आणि रंग निघायला लागलेलं भांडं असेल तर जेवणाला नाहीच, लहान मूल घरात असेल तर वरच्या फळीवर. सँडपेपरने रंग काढून नवं करायचं डोक्यात असेल तर कृपा करा, ती धूळ घरात पसरते.

किमतीचं म्हणाल तर विकायला ठेवलेल्याची किंमत बघू नका, ईबेवर विकल्या गेलेल्यांचा फिल्टर लावा, तिथं खरं कळतं. एस्टेट सेलला, म्हणजे एखाद्या घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथं, शेवटच्या दिवशी भाव पडतात, पण चांगलं पहिल्या तासात गेलेलं असतं, दोन्ही मिळत नाही. पॅटर्नचं नाव कळत नसेल तर कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लासने पायरेक्स नक्ष्यांची लायब्ररीच ऑनलाइन ठेवलीये, फोटो जुळवून बघा.

झाकण नसलेलं कॅसरोल स्वस्तात मिळालं तर घ्या बिनधास्त, झाकणं सुटी मिळतात. झाकणाच्या कडेवर नंबर असतो, ४७०-सी असेल तर ते ४७१, ४७२ आणि ४७३ या तिन्ही गोल कॅसरोलांना बसतं, म्हणून तो नंबर लक्षात ठेवा आणि काचेच्या सुट्या झाकणांची टोपली दिसली की हात घालून बघा, तिथं सहसा कोणी बघत नाही.