स्क्रीनशॉट पाठवण्यापूर्वी गुप्त मजकूर असा झाका

प्रोग्राममधली अडचण इतरांना दाखवताना आपण घाईघाईने टर्मिनलचा (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीचा) स्क्रीनशॉट पाठवतो आणि त्यात एखादी एपीआय की (प्रोग्रामला एखादी सेवा वापरू देणारी गुप्त अक्षरमाला) किंवा पासवर्ड तसाच राहून जातो.

शक्य असेल तेथे चित्राऐवजी मजकूरच पाठवावा. तो समोरच्याला कॉपी करून तपासता येतो आणि गुप्त भागाच्या जागी ‘येथे की’ असे लिहिणेही सोपे जाते. चित्रच हवे असेल, तर:

१. गुप्त भागावर पूर्ण अपारदर्शक काळा चौकोन ठेवावा. मोबाइलमधल्या हायलायटरने चार वेळा काळे फासले, तरी उजळपणा वाढवताच खालची अक्षरे दिसू शकतात.

२. ते चित्र पडद्यावर उघडून त्याचा नवा स्क्रीनशॉट घ्यावा व तोच पाठवावा. चित्र क्रॉप केले, तरी कापलेला भाग मूळ फाइलमध्ये शिल्लक राहू शकतो. गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या चित्र-संपादन साधनातला असा दोष २०२३ मध्ये उघड झाला होता.

ब्राउझरच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येणारी लांबलचक अक्षरमाला मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण तिच्यातही की असू शकते आणि तिकडे नजर जातच नाही.

की एकदा बाहेर पडलीच असेल, तर चित्र पुसत बसण्याआधी ती रद्द करून नवी घ्यावी.