कांद्याच्या पट्ट्या तीन फाइलींत, बेरीज एका कमांडमध्ये (पायथन शिकणाऱ्यांसाठी)

आमच्या काकांचा कांदा कधी लासलगावला जातो, कधी विंचूरला, कधी पिंपळगाव बसवंतला, आणि प्रत्येक मार्केटच्या पट्टीवरचं (म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावतीवरचं) वजन मी वेगवेगळ्या टेक्स्ट फाइलीत टाकून ठेवतो, एका ओळीत एका ट्रॉलीचे क्विंटल, बस. आधी मी फाइलचं नाव प्रोग्राममध्येच लिहायचो, म्हणजे मार्केट बदललं की कोड उघडा, नाव बदला, सेव्ह करा, परत चालवा. असं करू नका, नाव बाहेरून द्या.

टर्मिनलमध्ये असं लिहायचं (मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा): पायथन बेरीज.पाय लासलगाव.टीएक्सटी विंचूर.टीएक्सटी. बेरीज.पाय पासून पुढचे सगळे शब्द पायथन एका लिस्टमध्ये भरून देतो, तिचं नाव सिस डॉट आर्गव्ही, वर इम्पोर्ट सिस लिहिलं की ती मिळते.

आता नवीन पोरं इथेच अडकतात. लिस्टमध्ये शून्य नंबरला तुमच्या प्रोग्रामचंच नाव असतं, फाइली एक नंबरपासून सुरू होतात. त्यामुळे लूप फिरवताना आर्गव्हीच्या पुढे चौकटी कंसात एक आणि कोलन टाकायचं. हे विसरलात तर प्रोग्राम आधी स्वतःलाच उघडतो आणि पहिली ओळ, म्हणजे इम्पोर्ट सिस, आकडा समजून वाचायला जातो, मग व्हॅल्यूएरर, म्हणजे याचा आकडा होत नाही अशी एरर.

लूपच्या आत विथ ओपन वापरून फाइल उघडायची, काम झालं की ती आपोआप बंद होते. मग आत दुसरा लूप, एकेक ओळ घ्यायची, स्ट्रिप करायची (दोन्ही टोकांची मोकळी जागा काढायची), रिकामी असेल तर कंटिन्यू, म्हणजे ती सोडून पुढची, नाहीतर फ्लोट करून, म्हणजे मजकुराचा दशांश आकडा करून, बेरजेत टाकायची. रिकाम्या ओळीचं चेकिंग गाळू नका, फाइलीच्या शेवटी एखादा जास्तीचा एंटर राहतोच. आणि एकूण बरोबर शून्य (एकूण = 0) ही ओळ बाहेरच्या लूपच्याही वर हवी, आत गेली तर प्रत्येक फाइलला बेरीज परत शून्य होते आणि शेवटी फक्त शेवटच्या मार्केटचा आकडा दिसतो. एरर काहीच येत नाही, म्हणून ही चूक जास्त वाईट, उत्तर चुकलंय हे कळतच नाही.

मला आवडलेली एक गोष्ट, फाइलीत कोणी १२.५ असं मराठी आकड्यांत लिहिलं तरी फ्लोटला ते बरोबर कळतं. १,२५० मधला स्वल्पविराम मात्र चालत नाही, तो आधी रिप्लेसने काढा.

ओपनमध्ये एन्कोडिंग (फाइलीतली अक्षरं कशी वाचायची ते) यूटीएफ-८-सिग द्या. नोटपॅडने कधीकधी फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारी खूण ठेवलेली असते, तिच्यामुळे पहिलीच ओळ फसते, आणि यूटीएफ-८-सिग ती खूण असली तर काढतो, नसली तरी काही बिघडत नाही.

पिंपळगाव बसवंत.टीएक्सटी असं मध्ये स्पेस असलेलं नाव दिलं तर त्याचे दोन तुकडे होतात, आधी पिंपळगाव, मग बसवंत.टीएक्सटी, आणि दोन्ही सापडत नाहीत. पूर्ण नाव डबल कोटमध्ये घाला.

एखादी फाइल खरंच नसेल तर? ट्राय आणि एक्सेप्ट फाइलनॉटफाउंडएरर (फाइल उघडून बघ, सापडली नाही तर हे कर) लूपच्या आत लिहा, बाहेर नको. बाहेर लिहिलं तर विंचूरची फाइल नाही म्हणून पिंपळगावची पण वाचली जात नाही. आत असलं की "विंचूर सापडली नाही" असं छापून गाडी पुढे जाते. पण हे छापाच, पास (म्हणजे काहीच करू नको) लिहून गप्प बसू नका, माल शेतकऱ्याचा आहे, कोणता आकडा धरला नाही हे त्याला दिसलंच पाहिजे.

शेवटचं, सगळ्या फाइली एकदम द्यायला स्टार डॉट टीएक्सटी लिहितात. लिनक्सवर टर्मिनलच त्याची नावं करून देतो, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मात्र स्टार तसाच प्रोग्रामकडे येतो आणि ओपन अडतो. तिथे ग्लोब मॉड्यूल लागतं, ते स्टारला जुळणाऱ्या फाइलींची नावं शोधून देतं, पण नावात स्टार असेल तरच ग्लोबकडे पाठवा, कारण साधं नाव दिलं आणि ती फाइल नसली तर ग्लोब नुसती रिकामी लिस्ट देतो, आणि तुमचा "सापडली नाही" वाला मेसेज कधी छापलाच जात नाही.