नवी .३१५ बोअरची रायफल ताब्यात घेताना

पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची रायफल परभणी-हिंगोलीकडं न्यायच्या आधी दुकानातच तपासा. मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडा, चेंबर (नळीत गोळी बसायची जागा) रिकामं आहे हे डोळ्यानं आणि बोटानं पाहा. नळीतलं पॅकिंगचं ग्रीस पुसून नळीतून मागच्या बाजूनं उजेडाकडं बघा. आतली सावलीची कडी वेडीवाकडी दिसली तर नळी वाकडी आहे. नळीच्या पुढच्या तोंडाच्या कडेवर कापूस फिरवा. धागा अडकला तर धातूची कुसळं राहिलीत, गोळी तिथंच तिरकी सुटते.

सगळ्यांत महत्त्वाची सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून असलेली कळ. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करून सेफ्टी लावा, ट्रिगर ओढून सोडा, मग सेफ्टी काढा. तेवढ्यानं फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आपटणारी सुई) सुटली तर ती रायफल घेऊच नका, दुरुस्तीच्या आश्वासनावरही नाही.

दस्त्याचे स्क्रू मे महिन्यात पुन्हा आवळा; ४२ अंशांच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, नेम सरकतो.